लॅपटॉप आत्ता घेऊ की थांबू, यात सव्वा वर्ष घालवलं त्याची गोष्ट

मी नाशकात इंदिरानगरला राहतो, अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या छोट्या फॅब्रिकेशनवाल्यांना शीटमेटलची ड्रॉइंग घरी बसून करून देतो. लॅपटॉप २०१७ चा, आय५-७२००यू, ८ जीबी रॅम, मधे एकदा हार्डडिस्क काढून एसएसडी टाकलेला. छोट्या पार्टला ठीक होता पण कन्व्हेअरची पूर्ण असेंब्ली उघडायची म्हणजे फाइलवर डबल क्लिक करायचं आणि चहा टाकायला किचनमधे जायचं, चहा उकळून गाळून कप घेऊन आलो तरी ते गोल चक्र फिरतंच असायचं. बायको म्हणायची तुझ्या लॅपटॉपपेक्षा कुकर लवकर होतो.

नवीन घ्यायचं हे सप्टेंबर २०२४ लाच ठरलं होतं. दिवाळीला घेऊ म्हंटलं, ८० हजारापर्यंत बजेट. आणि इथे चूक केली, भाच्याला विचारलं. ओंकार इंजिनिअरिंगला आहे, दिवसभर चिपचेच व्हिडिओ बघतो. मामा आत्ता नको घेऊ, इंटेलची लुनार लेक नावाची नवी लॅपटॉप चिप नुकती आलीये, जुना माल स्वस्त होईल. थांबलो. दिवाळी गेली. मग म्हणे जानेवारीत लास वेगासला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन असतं, तिथे इंटेलच्या अॅरो लेक चिपचे पॉवरफुल एच आणि एचएक्स प्रकार येणार, एनव्हिडियाची ५० सिरीजची ग्राफिक्स कार्डंपण येणार. आली, २०२५ च्या जानेवारीत दोन्ही जाहीर झाली, पण तिकडे स्टेजवर दाखवलेला लॅपटॉप इकडे माझ्या बजेटमधे यायला किती महिने लागतात ते मला माहीतच नव्हतं, मी आपला फेब्रुवारीत एमजी रोडच्या दुकानांमधे विचारत फिरतोय. जो आला तो दीड लाखाच्या पुढचा. म्हंटलं आता भाव उतरतील तोपर्यंत थांबू. उन्हाळा, पावसाळा, गणपती सगळं झालं.

थांबायचं हे जे असतं ना ते फुकट वाटतं. खिशातून काही जात नाही त्यामुळे हिशोबच होत नाही.

मला हिशोब कळला ऑगस्टमधे. एका पार्टीने शनिवारी संध्याकाळी रिव्हिजन मागितली, सोमवारी सकाळी लेझर कटिंगला टाकायचं होतं. असेंब्ली दोनदा हँग झाली, तिसऱ्यांदा सेव्ह करताना सॉफ्टवेअरच बंद पडलं. रविवारी दुपारी पाठवली तोवर त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली होती. ते काम गेलंच, पण तो माणूस नंतर फोनच करेना.

त्या रात्री पहिल्यांदा शहाणपणा केला, टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि मग फाइल उघडली. गंमत अशी की सीपीयू तीस-पस्तीस टक्क्यांवरच, म्हंटलं अरे चिप तर आरामात बसलीये. रॅम मात्र ९७ टक्के आणि डिस्क सारखी शंभरला. म्हणजे रॅम संपली की विंडोज एसएसडीवर सामान टाकतंय-उचलतंय, घरात जागा नाही म्हणून गॅलरीत पसारा ठेवतो तसं. ओंकारने एक मात्र बरोबर सांगितलं, की मामा सीपीयू आरामात नाहीये. मॉडेल रिबिल्ड होताना आपलं थ्रीडी सॉफ्टवेअर बहुतेक काम एकाच कोअरवर, म्हणजे चिपमधल्या एकाच कामगारावर करतं, तुझ्या चिपला दोन कोअर चार थ्रेड, विंडोज त्यांना चार कामगार धरतं, त्यातला एक पूर्ण घासला तरी एकूण आकडा पाव भागच दिसतो. म्हणजे मला सोळा कोअरचं कौतुक नको होतं, एक कोअर फास्ट पाहिजे आणि रॅम भरपूर पाहिजे. एवढं कळायला एक वर्ष!

मग विचार केला की जुन्यातच रॅम वाढवू. रिपेअरवाला म्हणाला एकच स्लॉट आहे, ८ काढून १६ बसेल. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते, माझी सातवी. एका जनरेशनने हुकलो. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ती घेतली, पण म्हाताऱ्या बैलाला नवी नाल कशाला म्हणून रॅमचं कॅन्सल केलं.

आता खरी टेस्ट. दुकानात आपलं सॉफ्टवेअर नसतं, तिथे लॅपटॉप चालू करून व्हिडिओ बघून काहीच कळत नाही. सातपूरला माझा मित्र संज्या एका कंपनीत डिझाइनला आहे, त्याच्या साहेबांना विचारून रविवारी पेनड्राइव्हवर तीच कन्व्हेअरची फाइल घेऊन गेलो. वाटेत सगळं जाम, निम्मे रस्ते उकरलेले, पोचायलाच पाऊण तास. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. माझ्याकडे ६ मिनिटं १० सेकंद लागायचे. तिथल्या तेराव्या जनरेशनच्या आय७ वर, १६ जीबी रॅम, १ मिनिट ८ सेकंद. आणि त्यांच्याकडे इंटेलच्या नव्या कोअर अल्ट्रा चिपचा एक कोरा लॅपटॉप होता, त्यावर ५७ सेकंद. मी आणि संज्या एकमेकांकडे बघायला लागलो. म्हणजे माझ्या डब्यावरून कुठल्याही आत्ताच्या लॅपटॉपवर गेलो की पाच मिनिटं वाचतात, आणि जुन्या-नव्या चिपमधे फरक अकरा सेकंदांचा. त्या अकरा सेकंदांसाठी मी वर्षभर रोज पाच-पाच मिनिटं देत होतो. प्रत्येक सॉफ्टवेअरचं असं असेल असं नाही, ज्याला दिवसभर बॅटरीवर फिरायचंय त्याला नव्या चिपचा खरंच फायदा आहे, पण माझा लॅपटॉप टेबलावरून उठतच नाही.

लिस्टमधून मग पटापट नावं कटली. लुनार लेक कट, कारण त्यात रॅम चिपच्या पॅकेजवरच असते, १६ घेतली की जन्मभर १६. मॅक सुंदर आहे पण आमचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, स्नॅपड्रॅगन चिपवाल्या लॅपटॉपचंही तेच. कोपायलट प्लसचा स्टिकर म्हणजे एनपीयू, चिपमधला एआयची कामं करणारा भाग, ताकदवान आहे एवढंच, माझ्या पत्र्याच्या बेंड आणि फ्लॅट पॅटर्नला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पण खरी फसगत नावांमधे आहे. एका दुकानात पोरगा म्हणाला सर एएमडीची रायझन ७ चिप घ्या, सातहजारवाली सिरीज, लेटेस्ट. नंबर बघितला तर ७७३०यू. त्या सिरीजमधे तिसरा आकडा बघायचा असतो, तिथे ३ म्हणजे झेन ३, एएमडीचं जुनं डिझाइन, जे २०२० साली आलेलं. इंटेलमधेही कोअर ७ १५०यू आणि कोअर अल्ट्रा ७ ही वेगवेगळी भानगड, अल्ट्रा हा शब्द नसेल तर आत बहुतेक इंटेलची आधीची पिढी, जुनंच रॅप्टर लेक. जुनं वाईट नाही, पण भाव नव्याचा लावू नका ना भाऊ. शेवटचं अक्षरही बघा, यू म्हणजे कमी वीज खाणारी, एच आणि एचएक्स दमदार.

एवढं कळूनही मी ऑक्टोबरमधे घेतला नाही हे सांगायला लाज वाटते. इंटेलने पँथर लेक या पुढच्या चिपची माहिती दिली आणि ओंकारचा लगेच फोन, मामा १८ए या इंटेलच्या नव्या पद्धतीवर बनणारे, जानेवारीत लाँच, आता एवढं थांबलास तर... आणि मी परत विरघळलो. दिवाळीच्या ऑफर डोळ्यादेखत गेल्या. नोव्हेंबरमधे दुकानदाराला फोन केला तर म्हणे रॅमचे भाव बघितले का? एआयच्या डेटा सेंटरवाल्यांना मेमरी लागतेय, कंपन्या तिकडे वळल्या, लॅपटॉपला लागणारी डीडीआर५ रॅम महाग झाली. मला वाटलं दुकानदाराची नेहमीची घाई, पण स्वतः ऑनलाइन बघितलं तर दसऱ्याला विशलिस्टमधे टाकलेली १६ जीबीची स्टिक दुपटीच्या पुढे गेलेली. डिसेंबरमधे तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करणार म्हणून सांगून टाकलं. माझं सगळं गणित चिप स्वस्त होईल यावर होतं आणि महाग झाली रॅम.

दुसऱ्याच दिवशी जाऊन घेतला. तेराव्या जनरेशनचा आय७ एचएक्स, आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी एका स्लॉटमधे आणि दुसरा स्लॉट रिकामा, जीएसटीसकट ८२ हजार. दुकानातच मागचं कव्हर उघडून स्लॉट बघितला, पोरगा वैतागला, वैतागू दे. जीएसटी नंबर असल्यामुळे बिलावर तो टाकून घेतला, त्यातले साडेबारा हजार इनपुट क्रेडिटमधे मिळतात. सीए मॅडमना बिल पाठवलं तर त्यांनी वेगळीच कळ काढली. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्माच, म्हणजे या वर्षी २०. सप्टेंबरमधे घेतला असतात तर पूर्ण मिळाला असता, म्हणाल्या. मी म्हंटलं मॅडम, तुम्ही तरी नका बोलू.

कन्व्हेअरची फाइल आता सव्वा मिनिटात उघडते, चहा टाकायला वेगळं कारण शोधावं लागतं. जानेवारीत पँथर लेक लाँच झालं त्या रात्री ओंकारने व्हिडिओची लिंक पाठवली, खाली लिहिलेलं, बघितलंस का? थांबला असतास तर. मी विचारलं एमजी रोडला कधी येईल आणि कितीला. त्याने फक्त हसणारा चेहरा टाकला.

असेंब्ली मोठी असली की १६ पैकी १३-१४ जीबी भरते, म्हणजे दुसरी स्टिक लागणारच आहे. दर पंधरा दिवसांनी दुकानात भाव विचारतो, तो म्हणतो घेऊन टाका साहेब, अजून वाढेल. मी म्हणतो बघू, थोडं थांबतो.