गच्चीवरचा कॅमेरा खालच्या टीव्हीवर : व्हीलॅन ओलांडून मल्टिकास्ट चालू झाला

मंडळी, घरच्या कॅमेऱ्याच्या मल्टिकास्टमध्ये (एकच स्ट्रीम, मागेल त्या प्रत्येकाला) मागच्या अपडेटला नुसत्या आयजीएमपी स्नूपिंगपर्यंत (कुठल्या पोर्टवरून कोणता स्ट्रीम मागितलाय हे स्विचनं ऐकून ठेवणं) आलो होतो, आता राउटिंग पण चालू झालंय. गच्चीवरचा कॅमेरा व्हीलॅन २० मध्ये (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), खालच्या मजल्यावरचे टीव्ही आणि पीसी व्हीलॅन ३० मध्ये, मधे सिस्कोचा राउटिंग करणारा सेकंडहँड स्विच, कॅटॅलिस्ट ३५६०. रॅक सगळा माडीवर, कारण घर सांगलीच्या गावभागात आहे आणि २०१९ ला पाणी कुठवर चढलं होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांकडं सरकायला लागली की आमच्याकडं प्रत्येकाला गच्चीवरून गल्लीचा कोपरा बघायचा असतो, तोही एकाच वेळी, आणि प्रत्येकाला वेगळा स्ट्रीम द्यायचा म्हटलं की कॅमेऱ्याचा जीव जातो. मल्टिकास्टमध्ये कॅमेऱ्यातून एकच कॉपी निघते, पुढचं वाटप स्विच करतो. म्हणून हा खटाटोप.

कॉन्फिग तसं चार ओळींचं आहे. ग्लोबलला आयपी मल्टिकास्ट-राउटिंग डिस्ट्रिब्युटेड, दोन्ही व्हीलॅन इंटरफेसवर आणि लूपबॅकवर (स्विचच्या आतला आभासी इंटरफेस) पिम स्पार्स-मोड (मागणी असेल तिकडंच मल्टिकास्ट नेणारा राउटिंग प्रोटोकॉल), आणि आरपी (रांदेव्हू पॉइंट, पाठवणारा आणि ऐकणारे जिथं जुळतात ती जागा) म्हणून त्याच लूपबॅकचा पत्ता. एवढंच. फक्त सेकंडहँड घेताना शो व्हर्जनमध्ये इमेज (स्विचचं सॉफ्टवेअर) आयपी सर्व्हिसेसची आहे का ते आधी बघा, आयपी बेसवर नुसतं पिम स्टब मिळतं, पूर्ण पिम नाही.

खरा वेळ जातो तो डिबगिंगमध्ये, आणि माझं ठाम मत झालंय की मल्टिकास्ट नेहमी ऐकणाऱ्याच्या टोकाकडून तपासायचा. युनिकास्टची (एकाकडून एकालाच) सवय असते म्हणून आपण कॅमेऱ्यापासून पॅकेटच्या मागं मागं जातो, पण इथं रस्ता बनतो तो मागणी आल्यावर, टीव्हीनं जॉइन (हा ग्रुप हवाय असा निरोप) पाठवला नाही तर स्विच त्या बाजूला काहीच सोडणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून आधी शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स, तिथं आपला ग्रुप (कॅमेरा पाठवतो तो मल्टिकास्ट पत्ता) व्हीलॅन ३० समोर दिसला तरच पुढं शो आयपी एमराउट (मल्टिकास्टचा राउटिंग तक्ता). त्यात दोन नोंदी येतात. स्टार-जी (कुठलाही सोर्स, हा ग्रुप) वाल्या नोंदीत इनकमिंग इंटरफेस नल दिसतो, ते चालतं, आरपी हाच स्विच आहे ना. एस-जी (हाच सोर्स, हा ग्रुप) मध्ये कॅमेऱ्याचा पत्ता, इनकमिंग व्हीलॅन २०, आउटगोइंग व्हीलॅन ३० असं दिसलं की जिंकलं. एस-जीची नोंदच नसेल तर मग कॅमेऱ्याकडं जा.

तिकडं गेलात की पहिलं टीटीएल बघा, म्हणजे प्रत्येक राउटरवर एकनं कमी होणारा पॅकेटच्या आयुष्याचा आकडा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मल्टिकास्ट पत्ता आणि पोर्टच्या शेजारी टीटीएलचा बॉक्स असतो बऱ्याचदा, तिथं १ असेल तर पॅकेट राउटरवरच मरतं, त्याच व्हीलॅनमध्ये झकास दिसतं आणि पलीकडं काळोख. लिनक्समध्ये पण मल्टिकास्टचा डिफॉल्ट टीटीएल १ च आहे, एफएफएमपेग ह्या व्हिडिओ टूलचा यूडीपी मात्र १६ नं पाठवतो. दुसरं म्हणजे आरपीएफ, उलट्या रस्त्याची तपासणी. पॅकेट ज्या इंटरफेसवरून आत आलं, त्याच्या सोर्सकडं परत जायचा रस्ता त्याच इंटरफेसमधून असला पाहिजे, नाहीतर ड्रॉप. दोन लॅनकार्ड असलेल्या सर्व्हरवरून स्ट्रीम सोडणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आता ग्रुपचा पत्ता, ह्याच्यावर कुणी फारसं बोलत नाही. आयपीच्या शेवटच्या २३ बिट्सच मॅकमध्ये (स्विच ज्यावरून फ्रेम पुढं पाठवतो तो हार्डवेअर पत्ता) उतरतात, म्हणजे ३२ आयपी ग्रुपना एकच मॅक. २३९.१२८.०.२५१ घेतला तर त्याचा मॅक एमडीएनएसच्या (घरातली उपकरणं एकमेकांना शोधतात तो प्रोटोकॉल) २२४.०.०.२५१ चाच होतो, आणि २२४.०.०.एक्स हे स्विच सगळ्या पोर्टवर सोडतातच, मग मॅकवरून स्नूपिंग करणाऱ्या स्वस्तातल्या स्विचवर तुमचा व्हिडिओ पण प्रत्येक पोर्टवर. मी २३९.१०.१०.१ घेतलाय, निवांत आहे. आणि हो, ज्यांना टीव्हीवर कास्ट करायचं बटण दुसऱ्या व्हीलॅनमधून दिसायला हवंय त्यांना पिम काही कामाचं नाही, २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ कधीच राउट होत नाही, आणि ते बटण एमडीएनएसवरच शोधलं जातं, तिथं अवाही ह्या लिनक्स प्रोग्रामचा रिफ्लेक्टर (एका व्हीलॅनमधलं एमडीएनएस दुसऱ्यात पुन्हा सोडणारा) लागतो.

खालच्या मजल्यावरच्या छोट्या स्विचवर नुसतं स्नूपिंग होतं, क्वेरियर (कुणाला कोणता ग्रुप हवाय हे अधूनमधून विचारणारा) कुणीच नव्हता, तेव्हा काका दर थोड्या वेळानं हाक मारायचे, "अरे, अडकलं बघ पुन्हा!" चित्र चार मिनिटं छान आणि मग थिजलेलं. आरएफसीच्या (प्रोटोकॉलचा प्रमाण दस्तऐवज) हिशोबानं १२५ सेकंदांच्या दोन क्वेऱ्या आणि वर १० सेकंद, २६० सेकंदांत कुणी विचारलं नाही तर नोंद उडते. व्हीलॅन ३० वर पिम चढवल्यावर ३५६० आपोआप क्वेरियर झाला, छोट्या स्विचला राउटर पोर्ट (राउटर कुठल्या पोर्टवर आहे ते) पण आपसूक कळलं, तेव्हापासून काकांची हाक नाही.

वायफायवर अजून मजा नाही. मल्टिकास्ट फ्रेमला पोचपावती म्हणजे अ‍ॅक नसतो आणि ती कमी रेटवर जाते, त्यामुळं मोबाइलवर चौकोन चौकोन दिसतात. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्ट-टू-युनिकास्टचा पर्याय आहे, तो चालू करून बघतोय. त्यानंतर आरपीशिवाय एसएसएम (सोर्स सांगूनच मागायचा मल्टिकास्ट), त्यासाठी २३२ नं सुरू होणाऱ्या पत्त्यांची रेंज आणि आयजीएमपी व्हर्जन ३. कुणाच्या टीव्हीवर व्हर्जन ३ नीट चालत असेल तर मॉडेल सांगा.