हक्कसोड

मी सोलापूरची. घरी तीन पिढ्या ख्रिस्ती, रविवारचं चर्च सहसा चुकत नाही. त्यामुळे गेल्या आषाढीला मी पंढरपूरला चालत गेले म्हटल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की तुम्ही कशा काय? तर शेजारच्या काकूंना सोबत नव्हती. शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्काम करते आणि पुढे तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा करत पंढरपूरला जाते, काकू आणि काका दरवर्षी इथून पुढे पालखीच्या मागे चालायचे, आता काका गेले आणि मुलगा म्हणाला एकटीनं जायचं नाही. मी रिटायर्ड नर्स, म्हटलं मी येते काकू, गोळ्या-ड्रेसिंगचं मी बघते.

पण खरं सांगायचं तर मला घरात बसवत नव्हतं.

आई चार वर्षं अंथरुणावर होती, माझ्याकडे. ती असतानाच दादाने हक्कसोड पत्रावर माझी सही घेतली, म्हणाला घर आपलंच राहणार आहे, नुसती कागदाची भानगड मिटते. मी केली सही, भाऊच तो. आई गेली आणि दोन महिन्यांत घर विकलं, तेही मला कळलं ज्याने घेतलं त्याच्याकडून. फोन केला तर दादा म्हणाला, "तुला काय कमी आहे, पेन्शन आहे ना." एवढं एकच वाक्य, पण दोन वर्षं रोज माझ्याबरोबर उठायचं आणि माझ्याबरोबर झोपायचं. माझ्याकडे एक वही आहे, आईच्या औषधांची, डायपरची, अ‍ॅम्ब्युलन्सची, तारखेनिशी रक्कम लिहिलेली. आई असताना सोय म्हणून लिहायचे. ती गेल्यावर मी ती वही काढून काढून वाचायचे, आणि वाचून झाली की छाती धडधडायची.

बायबलमध्ये नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात आहे की सगळ्यात जास्त आपलं अंतःकरण जपायचं, जीवनाचा उगम तिथून आहे. लहानपणापासून पाठ. मी त्याचा अर्थ असा घेतला होता की दादाला आत येऊ द्यायचं नाही, दार लावून घ्यायचं. तिऱ्ह्याच्या आधी उन्हात चालताना पहिल्यांदा लक्षात आलं की दार लावलंय खरं पण दादा आतच आहे. मी मन जपत नव्हते, राग जपत होते, अगदी आजारी माणसाला जपावं तसं वेळच्या वेळी खाऊ घालून.

पालखीतले वारकरी पांढऱ्या कपड्यात, पताका घेऊन, काय ती शिस्त, बघत राहावं. आम्ही मागचे लोक आपापल्या चालीने. काकू नामस्मरण करत चालायच्या, मी माझ्या प्रभूची प्रार्थना मनात म्हणत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, त्यामुळे टाळ ऐकत येशूचं नाव घ्यायला मला काही परकं वाटलं नाही. पण प्रार्थना "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे आली की जीभ अडायची. कागदावर हक्क सोडला होता की मी. मनात कुठे सोडला होता?

कामतीच्या मुक्कामी काकूंचे फोड बघत होते तर आजूबाजूच्या बायका-माणसं पण पाय पुढे करायला लागली. कोणीतरी घमेलं आणून दिलं, पाणी, डेटॉल. एक म्हातारे बाबा होते, त्यांच्या टाचेच्या भेगेत डांबर आणि बारीक खडी रुतलेली, मी कापूस तेलात बुडवून हळूहळू काढत होते, डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, हुबेहूब दादासारखी. माझा हात थांबला. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले तेव्हा यहूदा तिथेच बसलेला होता, आणि हा आपल्याला धरून देणार हे येशूला माहीत होतं, तरी त्याचे पाय वगळले नाहीत. हे वचन मी किती वेळा ऐकलं असेल, पण हातात पाय असताना कधी आठवलं नव्हतं. बाबांचं झालं आणि ते वाकून माझ्याच पाया पडले, माउली म्हणाले. मला रडूच आलं, काकू म्हणाल्या काय झालं गं, म्हटलं काही नाही काकू, डोळ्यात गेलं काहीतरी.

मला एक नेहमी खटकायचं, चर्चमध्ये कोणी "जाऊ दे, सोडून दे" म्हटलं की वाटायचं माझं नुकसान यांना दिसतच नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला तो चाकर बघा, स्वतःचं कर्ज माफ झालं तरी सोबत्याला न सोडणारा, त्याचं सोबत्याकडून येणं होतं शंभर दिनार. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, ही रक्कम किरकोळ नाही आणि येशू पण तिला किरकोळ म्हणत नाही. फक्त त्या चाकराला स्वतःला माफ झालेले होते दहा हजार तालांत. एका तालांताचे साधारण 6000 दिनार धरले तर 6 कोटी दिवसांची मजुरी. माझी वही मी या हिशेबाशेजारी कधी ठेवलीच नव्हती.

मंगळवेढ्यात चोखोबांची आठवण निघाली. गावकुसाची भिंत कोसळून ते इथे गेले, आणि ज्याला आयुष्यभर देवळात घेतलं नाही त्याची समाधी पंढरपुरात महाद्वारी नामदेव पायरीपाशी. माझी आजी चर्चला जायची आणि जात्यावर चोखोबांचे अभंग पण म्हणायची. चोखोबांनी देवाला विचारायचं ते तोंडावर विचारलं, बायबलमधला स्तोत्रकर्ता पण तसंच विचारतो. मला वाटतं देवापुढे भांडलेलं चालतं, त्याने माणूस कडू होत नाही, आतल्या आत वही वाचत बसल्याने होतो. आणि क्षमा केली म्हणजे दादा बरोबर होता असं नाही, तो चुकला, हे मी आजही म्हणेन.

पंढरपुरात काकू दर्शनाच्या रांगेत लागल्या, मी चंद्रभागेच्या वाळवंटात बसून राहिले. दादाला फोन लावला, दोनदा. उचलला नाही. मग मेसेज टाकला, "दादा, चालत पंढरपूरला आलेय. तुझी तब्येत कशी आहे?" निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

परत येताना एसटीत काकू माझ्या खांद्यावर झोपल्या होत्या. भावाला किती वेळा क्षमा करायची असं पेत्राने विचारलं तेव्हा येशूने सांगितलेलं साताच्या सत्तरदा मला आधी फार मोठा आकडा वाटायचा. मोहोळला गाडी थांबली, खाली एक माणूस कुणाला तरी फोनवर पेन्शनचं विचारत होता, आणि दादाचं ते वाक्य जसंच्या तसं परत आलं, त्याच आवाजात. मी काकूंचं डोकं न हलवता डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, हे पण सोडलं.