बीपीची गोळी लिहिण्याआधी

दवाखान्यात रोज होणाऱ्या तपासण्यांमध्ये बीपी मोजण्याइतकी घाईघाईत उरकली जाणारी दुसरी तपासणी शोधावी लागेल. रुग्ण जिना चढून येतो, खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच दंडाला पट्टा बांधला जातो, हवा भरता भरता ‘काय होतंय?’ अशी विचारपूस सुरू असते. १५२/९४ येतं आणि गोळी लिहिली जाते. ती पुढे बहुधा आयुष्यभर चालते. रक्तातली साखर वाढलेली दिसली तर आपण निदान दुसऱ्या तपासणीने पक्कं करतो. बीपीच्या बाबतीत ती शिस्त कुठे जाते कोण जाणे.

मोजण्याआधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यावं. मग पाच मिनिटं नुसतं शांत बसायचं: पाठ टेकलेली, दोन्ही तळपाय जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा हवा. बाही वर सरकवून तिचा घट्ट वेटोळा झाला तर आकडा बिघडतो, त्यापेक्षा हात बाहेर काढलेला बरा. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्ट्याचा मध्य हृदयाच्या पातळीला येईल. हात मांडीवर असेल तर वरचं बीपी सरासरी ४ने जास्त दिसतं, बाजूला लोंबत असेल तर ६-७ने. मोजताना रुग्ण बोलत असेल तर आणखी १०च्या आसपास भर पडू शकते. म्हणजे १३४चा माणूस निव्वळ आपल्या बेफिकिरीमुळे १५०चा होतो.

पट्ट्याच्या मापाकडे तर फार थोडे लोक बघतात. आतल्या फुगणाऱ्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के आणि रुंदी सुमारे ४० टक्के असावी लागते. मोठ्या पट्ट्याची गरज असलेल्या दंडावर नेहमीचा पट्टा बांधला तर वरचं बीपी सरासरी ५ने जास्त येतं. अतिमोठा पट्टा लागणाऱ्या दंडावर तोच बांधला तर जवळपास २०ने. स्थूल रुग्णांमध्ये बीपी आधीच जास्त आढळतं, त्यामुळे तो आकडा खोटा असू शकतो अशी शंकाही कोणाला येत नाही. दवाखान्यात दोन तरी मापांचे पट्टे हवेत आणि दंडाचा घेर मोजायला शिंप्याची टेप. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर असावी.

स्टेथोस्कोपने मोजत असाल तर आधी मनगटावरची नाडी चाचपत पट्टा फुगवा. नाडी लागेनाशी होते त्याच्या ३० वर जा आणि सेकंदाला साधारण २ या गतीने हवा सोडा. नाडी चाचपण्याची ही पायरी बरेच जण गाळतात. काही रुग्णांमध्ये, विशेषतः वयस्कर आणि कडक रक्तवाहिन्यांच्या, ठोके सुरू होऊन मध्येच गायब होतात आणि खाली पुन्हा ऐकू येतात. हवा नेमकी त्या शांत टप्प्यापर्यंतच भरली तर १८०चं बीपी १४० म्हणून नोंदलं जातं. पहिला ठोका ते वरचं बीपी, आवाज पूर्ण थांबतो ते खालचं. गरोदर बाईत आवाज कधी कधी शून्यापर्यंत ऐकू येत राहतात; तेव्हा आवाज दबका होतो तिथला आकडा घ्यायचा. रशियन डॉक्टर कोरोटकॉफने हे आवाज १९०५मध्ये वर्णन केले आणि पद्धत आजही तीच आहे. आपण मात्र १४०, १५०, १६० असे गोल आकडे लिहून तिची धार घालवतो.

नाडी अनियमित लागत असेल तर एका मोजणीवर अजिबात विसंबू नका. प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा असतो, त्यामुळे तीनदा मोजून सरासरी काढा. आणि लगेच ईसीजी काढा. बीपी बघायला आलेल्या माणसात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, सापडणं ही छोटी गोष्ट नाही. पक्षाघाताचा धोका तिथेच वाढलेला असतो.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बीपी घ्या. १०पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर यापुढे जास्त आकड्याचा हात वापरायचा, आणि तसं कागदावर लिहून ठेवायचं, नाहीतर पुढच्या भेटीत दुसऱ्या हाताचं कमी बीपी बघून सगळे खूश होतात. एकेका मिनिटाने तीनदा मोजून शेवटच्या दोनांची सरासरी धरा.

एवढं करूनही दवाखान्यातला आकडा अर्धीच हकिगत सांगतो. डॉक्टरसमोर वाढणारं आणि घरी नॉर्मल असणारं बीपी असतं, तसंच उलटंही असतं: दवाखान्यात १३२ आणि घरी १५०. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो शोधायला कोणी जातच नाही. म्हणून घरची मोजणी. दंडावर बांधायचं, अचूकतेची रीतसर चाचणी झालेलं मशीन घ्यावं. मनगटाच्या मशीनमध्ये हात जरा खाली गेला की आकडा वर जातो. सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट. सकाळची मोजणी लघवी करून आल्यावर, नाश्त्याआधी आणि चालू असेल तर गोळीआधी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, उरलेल्यांची सरासरी. रुग्णाला मशीनच घेऊन यायला सांगा आणि त्याच्या मेमरीतले आकडे स्वतः बघा. वहीत माणसं चांगले आकडे लिहितात.

घरच्या सरासरीची सीमा १३५/८५, दवाखान्यातल्या १४०/९०ला समतुल्य. अमेरिकन मार्गदर्शक सूचना २०१७पासून १३०/८०लाच उच्च रक्तदाब म्हणतात, युरोपीय अजून १४०/९० धरतात. माझं मत असं की १३०-१३९मधल्या माणसाला नाव काय द्यायचं यापेक्षा त्याला मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार आहे का हे आधी बघावं. असेल तर गोळीकडे लवकर वळायचं; नसेल तर मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, वजन, चालणं आणि दारू यांवर तीन महिने खरोखर मेहनत घ्यायची आणि मग पुन्हा मोजायचं.

१८०/१२०च्या वरचा आकडा दिसला की घबराट उडते. आधी पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. मग विचारा: छातीत दुखतंय का, दम लागतोय का, बोलणं अडखळतंय का, हात-पाय लुळा पडलाय का, नजर धूसर झालीय का, गुंगी आहे का. बाई गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली असेल तर १६०/११०लाच धोक्याची रेषा समजा. यातलं काहीही असेल तर तडक रुग्णालय. काहीच नसेल तर बीपी अर्ध्या तासात खाली आणायचं नसतं. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याची जुनी सवय आता तरी सोडावी. दाब एकदम कोसळला की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. अशा रुग्णाला तोंडाने घ्यायची, दिवसभर टिकणारी औषधं सुरू करून दोन-चार दिवसांत परत बोलवायचं. वेदना, भीती आणि तुंबलेली लघवीसुद्धा हा आकडा दाखवू शकतात, तेव्हा पोटावर हात ठेवून मूत्राशय चाचपायला विसरू नका.

निदान पक्कं झालं की तपासण्या मोजक्याच: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला), सोडियम-पोटॅशियम, साखर, लिपिड, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन)-क्रिएटिनिन प्रमाण, ईसीजी. शेवटून दुसरी सगळ्यांत जास्त गाळली जाते आणि मूत्रपिंडावरचा परिणाम सगळ्यांत आधी तिथेच दिसतो. सोबत औषधांची झडती. गुडघ्यांसाठी रोजच्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीची नाक मोकळं करणारी औषधं, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, ज्येष्ठमध असलेले काढे, या सगळ्यांनी बीपी वाढतं. पोटॅशियम कमी आलं तर अल्डोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारं हॉर्मोन जास्त होतंय का याचा विचार करा. मोठ्याने घोरणारा, दिवसा पेंगणारा माणूस असेल तर झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराचा विचार करा.

औषधांत एकाच गोळीचा डोस वाढवत नेण्याचा हट्ट कमी करावा. दुसऱ्या गटातलं औषध जोडल्याने मिळणारी घट ही पहिल्याचाच डोस दुप्पट करण्यापेक्षा साधारण पाचपट असते, आणि दुष्परिणाम मात्र डोससोबत वाढतात. रक्तवाहिन्या सैल करणारं अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमचं १० केलं की घोट्याला सूज येऊ शकते. तिच्यावर लघवी वाढवणारी गोळी देऊन फारसा उपयोग होत नाही, कारण ती सूज पाणी साठल्याची नसून केशवाहिन्यांतला दाब वाढल्याची असते. टेल्मिसार्टनसारखं औषध जोडलं तर ती कमी होते. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलच्या गटातली गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या सुमारास क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर गोळी बंद करू नका, त्यापुढे गेलं तर कारण शोधा. हे दोन गट एकत्र द्यायचे नाहीत, आणि गरोदरपणात किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना दोन्ही टाळायचे. क्लोरथॅलिडोन या लघवीच्या गोळीच्या १२.५ मिलिग्रॅमवर म्हाताऱ्या माणसाचं सोडियम पहिल्या काही आठवड्यांतच घसरू शकतं. गळून गेल्यासारखं वाटतंय अशी तक्रार आली की ते तपासा. परिणाम पूर्ण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्याआधी दर चौथ्या दिवशी औषध बदलणं व्यर्थ.

तीन औषधं, त्यांतलं एक लघवीचं, पूर्ण डोसमध्ये, तरी बीपी हटत नाही असं वाटलं की पहिला प्रश्न गोळ्यांच्या पाकिटांचा. रिकामी पाकिटं मागा. ‘गोळ्या घेता ना?’ विचारलं की सगळे हो म्हणतात; ‘आठवड्यात किती वेळा राहून जाते?’ विचारलं की खरं कळतं. मग पट्ट्याचं माप, मग घरची सरासरी, मग वेदनाशामकं. हे सगळं नीट असेल तरच चौथं औषध, आणि ते बहुधा स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम, पोटॅशियमवर नजर ठेवून.

साठीच्या पुढच्या रुग्णाचा डोस वाढवण्याआधी एकदा उभं राहिल्यावरचं बीपी घ्या, पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचं २०ने किंवा खालचं १०ने उतरलं तर बसल्यावरचा आकडा बघून गोळी वाढवायची नाही. आधी प्रोस्टेटची, झोपेची आणि नैराश्याची औषधं कोणती चालू आहेत ते बघायचं.