भाकरीच्या थापेवरचं गाणं

सकाळी साडेनऊला निर्मात्यांचा फोन आला. "दादा, एक्केचाळिसाव्या मिनिटाचं रेडिओवरचं गाणं काढावं लागतंय. परवा ओटीटीची डिलिव्हरी आहे."

मी सिनेमाचं साउंड मिक्सिंग करतो. हा सिनेमा थिएटरात लागून गेला होता. त्यात आई चुलीपुढे भाकऱ्या थापत असते, रेडिओवर जुनं भावगीत लागतं आणि ती गुणगुणायला लागते. अख्ख्या सिनेमात ती तेवढीच मोकळी होते. बजेट नव्हतं म्हणून त्या गाण्याचा परवाना फक्त थिएटर आणि महोत्सवांपुरता घेतलेला. ओटीटीसाठी मागितलेली रक्कम आमच्या साउंडच्या सगळ्या खर्चाहून जास्त होती.

"पण गाण्याला साठ वर्षं उलटली की!" दिग्दर्शिका म्हणाली. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, हे खरं. शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र गीतकार-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. नव्या गायिकेकडून गाऊन घेतलं तरी परवानगी लागतेच, आणि लागायलाच हवी. त्यांच्या घरच्यांचं ते हक्काचं आहे. मला राग येतो तो शूटिंगच्या आधी सगळ्या माध्यमांचा करार करून न ठेवण्याचा.

त्या प्रसंगाच्या आवाजांची फाइल उघडली आणि पोटात गोळा आला. सिंक साउंड होता, म्हणजे आवाज शूटिंगच्या वेळीच घेतलेला, आणि शॉट चालू असताना सेटवर रेडिओ खरोखर वाजत होता. वर धरलेल्या बूम माइकमध्ये गाणं, कपड्याला लावलेल्या लॅपल माइकमध्ये गाणं, प्रत्येक थापेखाली गाणं. सॉफ्टवेअरनं वेगळं करून पाहिलं, तर आईचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. म्हणजे सगळंच नव्यानं करायचं.

आमच्या सिनेमाचा संगीतकार आला. पडद्याकडे बघत बराच वेळ टेबलावर बोटं आपटत राहिला. "अरे, हिचे हात गाण्याच्याच लयीत चालतायत." ते हात दिसत होते, त्यामुळे लय बदलणं शक्य नव्हतं. त्यानं तिच्या थापेवरून लय धरली आणि संध्याकाळपर्यंत नवी चाल बांधली. गुणगुणताना तिचे ओठ मिटलेले होते, त्यानं आम्ही तरलो. हालचालींचे आवाज स्टुडिओत नव्यानं करणाऱ्या फोलीवाल्यानं आधी कणीक घेतली, पण थाप भाकरीची वाटेना! शेवटी ज्वारीचं पीठ मळून प्रत्येक भाकरी खरोखर थापली.

रात्री अकराला, नाटकाचा प्रयोग आटोपून नटी डबिंगला आली. तिसऱ्या टेकला जमलं. हेडफोन काढून म्हणाली, "सूर बरोबर आहे हो. पण ते गाणं माझ्या आईचं होतं, म्हणून तेव्हा ते तसं आलं." मी काय बोलणार?

अमेरिकन दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' मला तेव्हा आठवला. १९७७ चा, विद्यार्थिदशेतला सिनेमा. गाण्यांचे हक्क नसल्यामुळे तो २००७ पर्यंत रीतसर प्रदर्शित होऊ शकला नाही, आणि झाला तेव्हाही शेवटचं, गायिका डायना वॉशिंग्टनचं 'अनफर्गेटेबल' हे गाणं मिळालं नाही. तिचंच दुसरं गाणं तिथे लावावं लागलं. मूळ गाणं परत आलं थेट २०२५ च्या नव्या प्रतीत. तोवर कुणीतरी ते कुठे होतं, हे नीट लक्षात ठेवलं होतं.

पहाटे चारला नवी फाइल पाठवली. मग थिएटरचं मिक्स सगळ्या ट्रॅकसकट दोन वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवलं. एक दिग्दर्शिकेकडे दिली, एक माझ्या कपाटात आहे. दोन्हींवर चिकटपट्टी लावून लिहिलंय: 'मूळ गाण्यासह. पुसू नये.'