यमूचा सूर

सुनेने टोमणा मारला असता तर मला सोपे गेले असते, कारण टोमण्याला उत्तर असते आणि ते मला तोंडपाठ आहे. पण तिने टोमणा मारला नव्हता. ओल्या तुरीच्या शेंगा सोलता सोलता, मान वरही न करता, ती सहज बोलून गेली, "आई, ही यमू तं अगदी तुमच्यावानी बोलते." एवढे बोलून तिने मुठीतले सोले परातीत टाकले आणि पुढच्या शेंगा पुढ्यात ओढल्या. मी वाचत असलेले वाक्य पुरे केले, पान उलटले आणि डोळे दुखतात असे सांगून पुस्तक मिटले. डोळे दुखत नव्हते.

सध्या शेतीची वीज रात्रीची असल्यामुळे हरभऱ्याला पाणी द्यायला घरातला पुरुषमाणूस रात्रभर शेतात असतो, आणि तो येईपर्यंत आम्हा दोघींपैकी कोणालाच झोप लागत नाही. तेवढ्यासाठी हे वाचन सुरू झाले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी मीच काढली, यमू तिची नायिका. पुठ्ठा नसलेली, कडा कुरतडल्यासारखी झालेली ही प्रत माझ्याकडे कशी आली ते आज लिहीत नाही, त्याला वेगळे मन लागते.

'तुमच्यावानी' म्हणजे कशी, हे मी रात्रभर घोळवत राहिले. यमू प्रेमळ आहे, हुशार आहे, तिला माणसे बारकाईने दिसतात, तेव्हा मनात आणले तर ही स्तुतीसुद्धा समजता येईल. पहाटेपर्यंत मी तशी समजूत घालून पाहिली, पण ती टिकली नाही. सुनेला यमूचा स्वभाव म्हणायचा नव्हता, तिचा सूर म्हणायचा होता. यमू भांडत नाही, ती सांगते. कोण काय बोलले, कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटले, आपल्याला काय वाटले आणि ते आपण कसे गिळले, हे ती एकेक करून आपल्यापुढे ठेवते, आणि ऐकणाऱ्याला तिच्या बाजूने उभे राहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. 'मी काही बोलले नाही', हे माझे या घरातले सर्वांत जुने वाक्य आहे. मी काही बोलले नाही हे मी आजवर किती जणांना बोलून दाखवले असेल, ते सुनेला पक्के ठाऊक आहे.

मग खरा प्रश्न पुढे आला आणि तोच मला सोडत नाही. हा सूर माझा आहे की यमूचा?

कारण तो आमच्या घराण्यातला खचितच नाही. आजीचे जे काही दुःख होते ते पहाटे जात्यावर ओव्यांतून बाहेर पडे आणि पीठ भरले की संपे, पुन्हा दिवसभर त्याचा उल्लेख नसे. आई रागावली की भांडी आपटायची, आणि त्या आवाजावरून राग किती आहे ते अंगणातल्या माणसालाही कळायचे. दोघींपैकी एकीनेही आपल्या मनाची अशी कैफियत मांडल्याचे मी ऐकले नाही. मी मात्र शाळकरी वयात, दुपारी कोठीच्या खोलीत सरकीच्या पोत्यांना टेकून यमू वाचली, एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि रडताना कसे बोलायचे ते बहुधा तिथेच शिकले. सुनेने कदाचित आणखी एक गोष्ट टिपली असेल. एरवी मी चारचौघींसारखी वऱ्हाडी बोलते. पण दुखावले गेले की माझी भाषा एकदम शुद्ध होते. 'मले' जाऊन 'मला' येते. माझ्या घरच्यांना माझा राग व्याकरणावरून ओळखता येतो.

ज्याच्याकडून हे शिकले तो कोण, तर पुण्यात राहणारा सव्वीस वर्षांचा पुरुष. हरिभाऊ आपट्यांचा जन्म १८६४ सालचा, खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेलेली. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि पुढची तीनेक वर्षे त्यात यमू थोडी थोडी येत राहिली. 'उषःकाल'सारख्या त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या घरातल्या पुरुषांनी वाचल्या, वाचून आपापसांत गडकिल्ल्यांच्या गोष्टी केल्या. यमूविषयी कोणी कोणाशी बोलल्याचे मला आठवत नाही. ती एकटीने वाचायची, आणि वाचून झाल्यावर भाकरी टाकायला उठायचे.

हप्त्यांनी येणाऱ्या कादंबरीचे एक तंत्र असते. वाचकाला पुढच्या अंकापर्यंत धरून ठेवायचे, म्हणून एकाच बैठकीत सगळे सांगायचे नाही, दुखऱ्या जागेपाशी आणून सोडायचे. हे लिहिताना मला माझे हसू येते, कारण मीसुद्धा माझे गाऱ्हाणे कधी पूर्ण सांगितलेले नाही. 'जाऊ दे, आता काय सांगायचे', असे म्हणून मी नेमकी अशा ठिकाणी थांबते की समोरच्याने 'सांगा ना' म्हटलेच पाहिजे. हरिभाऊंना निदान छापखान्याची निकड होती.

पण हसू फार वेळ टिकले नाही. यमूला जे सोसावे लागले ते मला कोठे सोसावे लागले? मुंबईत नवऱ्याबरोबरचा, रघुनाथरावांबरोबरचा, तिचा संसार, घरात दिवा लागावा तसा, थोडा काळ उजळतो आणि ते जातात. मग सासरच्या घरात ती पुन्हा बंद होते आणि शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिचे केशवपन बळजबरीने केले जाते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता, यमू लिहिली गेली तेव्हा त्याला तीसावर वर्षे उलटली होती, तरी पांढरपेशा घरातल्या बाईला त्याचा उपयोग नव्हता. आमच्या कुणब्यांत पाट लावण्याची रीत जुनीच. नवरा गेला म्हणून आमच्याकडे न्हाव्याला बोलावत नसत. आमच्या बायकांना सोसावे लागले ते निराळे, आणि ते कोणी कादंबरीत घातले नाही. म्हणजे मी दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या शतकातल्या एका बाईचे रडणे उसने घेतले, आणि तीसुद्धा खरी नव्हती, एका पुरुषाने मनात रचलेली होती. हे कळल्यावर आज दिवसभर मला आपण आतून रिकामे असल्यासारखे वाटत राहिले. स्वतःचे म्हणावे असे दुःखसुद्धा आपल्याकडे नाही, असेही वाटले. (हे वाक्यही यमूचेच.)

दुपारी सुनेला मी सांगितले की यमू ही खरी बाई नाही, लिहिणारा पुरुष होता. तिचे हात थांबले. "म्हणजे बाप्यानं लिहिलं हे सारं? अन् त्याले सांगितलं कोणं?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता आणि तिला एका वाक्यात पडला. मला जे माहीत होते ते मी सांगितले. काशीबाई कानिटकर नावाच्या बाई होत्या, हरिभाऊंहून थोड्या मोठ्या, लग्नानंतर सासरी धडपडून लिहायला-वाचायला शिकलेल्या. त्या दोघांचा साहित्यिक स्नेह होता, पत्रव्यवहार होता. शिवाय हरिभाऊ एकत्र कुटुंबात वाढले, आणि ज्याची आई नाही अशा मुलाला घरातल्या बायकांच्या मध्ये बसून पुष्कळ ऐकू येत असेल, असा माझा आपला कयास. "पण मंग त्या बाईनं सोताच काहून नाही लिहिलं?" लिहिले होते. आनंदीबाई जोशींचे चरित्र लिहिले, 'रंगराव' नावाची कादंबरी लिहिली, ती १९०३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. "तुम्ही वाचली?" नाही वाचली. सुनेने यावर काहीही म्हटले नाही, आणि तिचे काही न म्हणणे हे माझ्या काही न बोलण्याहून कितीतरी जड होते.

तिला मी एक गोष्ट सांगितली नाही, ती येथे लिहिते. यमूच्या आधी, १८८२ मध्ये, एका बाईने स्वतःच्या नावाने पुस्तक छापले होते, आणि ती बाई पुण्याची नव्हती, आमच्या बुलढाण्याची होती. ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला, वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर लेख येऊ लागले, तेव्हा या बाई संतापल्या आणि त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. त्यात रडणे नाही. त्यात पुरुषांना समोर उभे करून एकेका दुर्गुणाचा जाब विचारलेला आहे, तोही असा की वाचताना बाई कमरेला पदर खोचून दारात उभी आहे असे वाटावे. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा त्या काळच्या गाजलेल्या कादंबऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. पुरुष पुस्तकांत बायका कशा रंगवतात याचा हिशेब त्यांनी यमू जन्माला येण्याआधीच मागून ठेवला होता. लोकांनी त्यांच्यावर टीका केली, जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, पण त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. आणि ते पहिलेही नाहीसे झाल्यासारखेच होते, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापले तेव्हा लोकांना कळले की असे काही होते. तोवर माझे यमूवाचन केव्हाच संपले होते. भांडणारी बाई एका मुक्कामी गाडीच्या अंतरावर असताना मी रडणारी पुण्याहून मागवली, याला मी तरी काय करणार, मिळत तीच होती.

आधी ताराबाई हाती लागल्या असत्या तर मी निराळी बोलले असते काय, याचा आज पुष्कळ विचार केला. प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर या घरात ते चालले नसते, आणि मीही फार दिवस चालवले नसते. यमूच्या सुरात एक सोय आहे. ऐकणाऱ्याला वाईट वाटते, पण त्याला काही करावे लागत नाही; आणि सांगणारीलाही सांगितल्याचे समाधान मिळून ती पुन्हा कामाला लागते. ताराबाईंच्या सुरानंतर मात्र कोणाला तरी काहीतरी करावेच लागते. हे सुचले तेव्हा मला यमूचा राग आला, मग हरिभाऊंचा आला, आणि मग लक्षात आले की केशवपनाचे ते प्रकरण वाचून किती घरांत काय काय झाले असेल ते मला कोठे दिसते आहे. राग निवळला. पूर्ण नाही.

आणखी एक गंमत आठवली. आमच्या याच मुलखात, अकोल्याला, खामगावला, पुढे जळगाव-जामोदला श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करत होते, आणि अशिलांच्या कागदांबरोबर बंडूनाना आणि पांडूतात्या या पात्रांना घेऊन 'सुदाम्याचे पोहे' लिहीत होते. कर्मकांडांवर, व्रतवैकल्यांवर, आपल्या सगळ्या सनातन थाटामाटावर ते नुसते हसत. म्हणजे त्याच तीस-चाळीस वर्षांत भांडायला शिकवणारे पुस्तक बुलढाण्याचे, हसायला शिकवणारे लेखकही इकडेच वकिली करणारे, आणि मी रडायला शिकले ते साप्ताहिकाच्या वाटेने आलेल्या पाहुणीकडून. पाहुणीही अशी की आली ती गेली नाही.

हरिभाऊ स्वतःही एकदा वऱ्हाडात आले होते. १९१२ चे साहित्य संमेलन अकोल्याला झाले, त्याचे ते अध्यक्ष होते. तेव्हा यमूला वीस वर्षे होऊन गेली होती, 'गड आला पण सिंह गेला' निघाली होती, ते मोठे कादंबरीकार म्हणून आले होते. माझी आजी त्या सुमारास परकर नेसून ढोरांमागे हिंडत असेल. अकोल्यात कोण आले याची खबर तिला नव्हती, आणि आपल्या नातीच्या तोंडी याच माणसाची भाषा बसणार आहे याची त्यांना नव्हती. हे मनात येऊन मला संध्याकाळी पहिल्यांदा बरे वाटले. उसने तर उसने. इतकी वर्षे वापरले, त्याच्या कडा माझ्या अंगाने झिजल्या. यमू कधी सोले सोलत बसली नाही, आणि तिचे वाक्य बोलून झाल्यावर लगेच 'कुत्र्याले भाकर टाकली का' असे विचारावे लागले नाही. तेवढे तरी माझे आहे.

सून पुढचे वाचायचा आग्रह करते आहे. केशवपनाचे प्रकरण जवळ येत आहे, ते मी मोठ्याने वाचणार नाही. तिने वाटल्यास मनात वाचावे. दरम्यान मुलगा खत आणायला तालुक्याला जात होता, त्याच्याबरोबर वाचनालयात चिठ्ठी पाठवली की काशीबाई कानिटकरांची 'रंगराव' असल्यास द्यावी. तो परत आला तो हातात जाड पुस्तक घेऊन. वाचनालयवाले म्हणाले, ते नाही, पण आईंना जुने वाचायला आवडते तर हे न्या. हरिभाऊंची 'मी' होती.