साइजो: हिरोशिमाजवळच्या साके-गल्लीत एक दुपार

हिरोशिमाला जाणारे बहुतेक जण शांती स्मारक आणि मियाजिमा बेट बघून परततात. साके, म्हणजे तांदळाच्या जपानी मद्याची थोडी जरी उत्सुकता असेल तर एक दुपार साइजोसाठी ठेवा. हिरोशिमा स्थानकावरून जेआर (जपान रेल्वे) च्या सान्यो मार्गावरची साधी लोकल पकडा. पाऊण तासाच्या आत पोहोचता. शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) 'हिगाशी-हिरोशिमा' स्थानक वेगळं आहे आणि तिथून साके बनवणाऱ्या भट्ट्या लांब पडतात. उतरायचं ते साइजोलाच.

स्थानकाबाहेर पडून दोन-चार मिनिटं चाललं की लाल विटांची उंच धुराडी आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंती दिसू लागतात. सात भट्ट्या, सगळ्या चालत फिरण्याइतक्या जवळ. त्यातली हाकुबोतान ही भट्टी तर १६७५ सालची. काही भट्ट्यांच्या विहिरींचं पाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खुलं असतं. साके घेण्याआधी ते पिऊन बघा, कारण बाटलीतला बहुतांश भाग पाणीच असतो.

द्राक्षात साखर आयती असते, तांदळात नसते. म्हणून वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत जातं. तांदूळ घासून मूळ वजनाच्या ६० टक्के किंवा त्याहून कमी उरवला की गिंजो, ५० टक्के किंवा कमी उरवला की दाईगिंजो. 'जुनमाई' म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली.

चव बघायला पांढरी वाटी देतात, तळाशी निळी वर्तुळं असलेली. ती शोभेची नाहीत. त्यांच्यावर साकेचा रंग आणि नितळपणा कळतो. कामोत्सुरूची दाईगिंजो थंड घेतली तर फळांचा सुगंध आधी येतो. २०१४ मध्ये ओबामांना टोकियोत दिली ती सोन्याच्या वर्खाची साके याच भट्टीची. पण माझं मन जिंकलं कामोइझुमीच्या जुनमाईने. रंग किंचित सोनेरी, कारण ती कोळशाने गाळून रंगहीन करत नाहीत. तीच साके आधी थंड आणि मग कोमट मागा. थंड असताना आंबटसर, आटोपशीर वाटते. कोमट झाली की भाताचा गोडवा आणि अळिंबीसारखी खोल चव वर येते. महागडी दाईगिंजो एवढी बदलत नाही, म्हणून फक्त लेबल बघून निवडू नका.

साकेत साधारण १५-१६ टक्के अल्कोहोल असतं आणि ती सहज उतरते, तेव्हा प्रत्येक वाटीमागे पाणी प्याच. रिकाम्या पोटी जाऊ नका. इथली खासियत बिशु-नाबे, साकेत शिजवलेलं मांस आणि भाज्या. शाकाहारी असाल तर खाणं सोबत न्या, साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुधा माशांचा अर्क असतो. जपानमध्ये वयाची अट २० वर्षांची आहे, आणि प्यायल्यावर सायकल चालवणंही गुन्हा आहे.

ऑक्टोबरातल्या साके महोत्सवाला तुफान गर्दी असते. निवांत चाखायचं तर इतर वेळी या. काही चाखण्याच्या खोल्या ठरावीक दिवशीच उघडतात, आधी बघून घ्या. भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७२० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. 'नामा' (म्हणजे न तापवलेली, कच्ची साके) लिहिलेली बाटली मात्र तिथेच संपवा, ती फ्रिजशिवाय टिकत नाही.