निर्वाचक निवडायचे कोणी?

नाशिकमध्ये विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाची निवडणूक लागली की मतदान करतात नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. आपण नुसती चर्चा करायची. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात अनेक राज्यांत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतही सामान्य मतदाराची गत अशीच होती. राष्ट्राध्यक्षाची निवड करणारे प्रतिनिधी म्हणजे निर्वाचक. प्रत्येक राज्याला ते किती, हे राज्यघटनेने ठरवून दिले. ते नेमायचे कसे, हे मात्र त्या त्या राज्याच्या विधिमंडळावर सोपवले.

ही मोकळीक न्यूयॉर्कला पहिल्याच निवडणुकीत महागात पडली. तेथील कनिष्ठ सभागृहात नव्या राज्यघटनेच्या विरोधकांचे बहुमत होते, तर सिनेटमध्ये समर्थक फेडरलिस्टांचे. संख्याबळ अधिक असल्याने कनिष्ठ सभागृहाला दोन्ही सभागृहांचे एकत्रित मतदान हवे होते आणि सिनेट आपला समान अधिकार सोडायला तयार नव्हते. या ओढाताणीत मुदत उलटली, आणि ज्या शहरात ३० एप्रिल १७८९ रोजी वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली, त्याच शहराच्या राज्याचे एकही मत त्यांच्या निवडीत नव्हते.

१८०० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा प्रसंग मला अधिक बोलका वाटतो. लढत फेडरलिस्ट राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स आणि विरोधी पक्षाचे थॉमस जेफरसन यांच्यात होती. एप्रिलमध्ये जेफरसन यांच्या पक्षाचे ॲरन बर यांनी न्यूयॉर्क शहरात जॉर्ज क्लिंटन, होरेशियो गेट्स अशी वजनदार नावे विधिमंडळासाठी उभी करून जागा जिंकल्या आणि राज्याचे १२ निर्वाचक जेफरसन यांच्या पारड्यात पडणार, हे स्पष्ट झाले. तेव्हा फेडरलिस्ट नेते हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहून सुचवले की, मावळत्या विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलवावे आणि निर्वाचकांची निवड मतदारसंघवार जनतेकडे द्यावी. जनतेचा हा कळवळा निकाल हाती आल्यावर सुचला होता, हे सांगायला नकोच! जे स्वतः फेडरलिस्ट, तरीही पक्षहितासाठी असे पाऊल उचलणे आपल्याला शोभणार नाही, अशी नोंद त्या पत्रावर करून त्यांनी ते बाजूला ठेवले. अखेर जेफरसन यांना ७३ आणि ॲडम्स यांना ६५ मते मिळाली; ती १२ मते फिरली असती तर ॲडम्स ७७ विरुद्ध ६१ असे जिंकले असते.

पुढे एकेक राज्य जनतेच्या मतदानाकडे वळले. दक्षिण कॅरोलायनाचे विधिमंडळ तेवढे १८६० पर्यंत निर्वाचक स्वतःच निवडत राहिले.